पायाखालचा गारठा

मथळा वाचून कित्येक वाचकांस वाटेल कीं, पुण्यासारख्या गांवीं घराच्या जमिनीच्या थंडीची चर्चा करण्याजोगें असें काय आहे? छपराचा ताप, भिंतींची ओल, खिडक्यांतून येणारी धूळ हे आपल्या नित्याच्या तक्रारीचे विषय. जमिनीविषयीं तक्रार ऐकूं येते ती फार तर फरशी निसरडी झाल्याची. परंतु शनिवार पेठेंत व आसपासच्या पेठांत गेल्या कांहीं वर्षांत ज्या नव्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध मंडळींस मार्गशीर्ष-पौषांत विचारून पाहावें. सकाळीं अंथरुणांतून उठल्यावर फरशीवर पाय ठेववत नाहीं, गुडघे धरतात, आणि ज्या वाड्यांत सारें आयुष्य गेलें तेथें हें कधीं जाणवलें नाहीं, असें त्या सांगतात. घरांतील तरुण मंडळी ही गोष्ट वयाच्या खात्यावर टाकून मोकळी होतात. आमच्या मतें तसें करणें बरोबर नाहीं. वय वाढलें हें खरें, पण जमीनही बदलली आहे.

जुना वाडा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस त्याची घडण सांगावयास नको. दगडी जोतें, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि या कडीपाटावर माती व चुना यांचा जाड थर घालून वरच्या मजल्याची जमीन केलेली. खालच्या मजल्यास मुरूम-माती घालून, चोपण्यानें चोपून, शेणानें सारवलेली जमीन असे. पुढें पुढें तेथें शहाबादी फरशी आली. संपन्न घरांत माजघराखालीं तळघर असे व त्यांत धान्य, सणासुदीचीं मोठीं भांडीं, प्रसंगीं दागदागिनेही ठेवीत. माती सच्छिद्र आहे, लांकूड तर अधिकच. दोहोंच्या पोटांत हवा कोंडलेली असते आणि कोंडलेल्या हवेसारखी उष्णतेस अडविणारी स्वस्त वस्तु दुसरी नाहीं. आपल्या पूर्वजांनीं हा सारा शास्त्रीय विचार करूनच वाडे बांधले, असें म्हणण्याचा मोह येथें होतो, पण तो आवरलेला बरा. लांकूड आणि माती हाताशीं होती म्हणून त्यांनीं ती वापरली; ऊब मिळाली ती ओघानें.

हे वाडे गेले कसे, हा निराळा व दुःखाचा विषय आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडीं जागच्या जागीं गोठलीं, मालकांस डागडुजी परवडेना, आणि भाडेकरूंस ती आपली जबाबदारी वाटेना. त्यांतच १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेच्या काठच्या पेठांत पाणी शिरलें. शनिवार, नारायण, कसबा या पेठांतील मातीविटांचे कित्येक वाडे त्या एका दिवसांत बसले. जे उरले त्यांतले बहुतेक पुढें एकामागून एक उतरवण्यांत आले. त्यांच्या जागीं ज्या इमारती झाल्या त्यांना तळमजला असा राहिलाच नाहीं. गाड्या ठेवण्यास जागा हवी, म्हणून खालीं नुसते खांब व मोकळी जागा, आणि माणसांची वस्ती पहिल्या मजल्यापासून वर. पेठेच्या बोळांत फिरतांना वर पाहिलें कीं घरें दिसतात. समोर पाहिलें कीं स्कुटरी दिसतात.

आतां मुद्द्याचें. तळघर आणि हें वाहनतळ या दोन्ही गोष्टी 'घराखालची रिकामी जागा' म्हणून एकाच जातीच्या वाटतात, पण उष्णतेच्या दृष्टीनें त्या अगदीं विरुद्ध आहेत. जमिनीखालीं आठदहा हात खोल गेलें कीं तेथील तपमान वर्षभर जवळजवळ सारखें राहतें, आणि तें त्या गांवाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतें. पुण्याची ही सरासरी सुमारें २५ अंश सेंटिग्रेड आहे. म्हणून पुण्याचें खरेंखुरें तळघर वैशाखांत गार लागतें आणि पौषांत उबदार. वर बोळांत पहाटे दांत वाजत असतां तळघरांत उतरणाऱ्यास घोंगडीची गरज भासत नसे, तें यामुळेंच. अशा तळघरावरची जमीन हिंवाळ्यांत थंड पडण्याचें कारणच नव्हतें. वाहनतळाची गोष्ट उलटी. तें चारी बाजूंनीं किंवा निदान दोन बाजूंनीं उघडें असतें, रात्रीची गार हवा त्यांतून आरपार वाहते, आणि वरच्या घराची जमीन म्हणजे त्या हवेंत उघडें पडलेलें पांचसहा इंच जाडीचें काँक्रीट. घराला जणूं एकाऐवजीं दोन छपरें झालीं. एक डोक्यावर व एक पायाखालीं.

थंडी तरी किती, असें कोणी विचारील. १९२८ सालीं हवामानखात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. त्या खात्याच्या दप्तरीं पुण्याचें नीचांकी तपमान १७ जानेवारी १९३५ या दिवशींचें १.७ अंश असें नोंदलेलें आहे. असे दिवस विरळा. परंतु डिसेंबर-जानेवारींत पहाटेचा पारा सरासरीनें ११ अंशांच्या जवळपास असतो व दुपारीं तो ३० पर्यंत चढतो. दाट वस्तीच्या पेठांपेक्षां पाषाणासारख्या मोकळ्या भागांत थंडी अधिक, हेंही खरें. तथापि दिवसाच्या उन्हानें तापलेल्या भिंती रात्रीं कांहीं ऊब परत देतात, तशी ती वाहनतळावरच्या जमिनीस मिळत नाहीं. तिच्या खालच्या अंगास ऊन कधीं लागतच नाहीं.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहूं. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी खोली. आंतील हवा २० अंश, खालच्या वाहनतळांत १२. अशा वेळीं सहा इंची काँक्रीट व त्यावरची फरशी यांतून खालीं निघून जाणारी उष्णता सुमारें २२० वॉट भरते. म्हणजे जुन्या तऱ्हेचे शंभराचे दोन दिवे अहोरात्र जमिनीखालीं जळत ठेवावे तसें. फरशीचा पृष्ठभाग मग खोलीच्या हवेहून तीनसाडेतीन अंशांनीं थंड राहतो. त्याच काँक्रीटच्या खालच्या अंगास दोन इंच जाडीचा उष्णतारोधक थर बसविला तर ही गळती चतुर्थांशावर येते व फरशी १९ अंशांच्या जवळपास टिकते. तुळयांतून थोडी उष्णता तरीही निसटते, म्हणून प्रत्यक्षांतला लाभ हिशेबाहून कांहींसा कमीच धरावा.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. फरशी पायाला थंड लागते ती केवळ तिचें तपमान कमी असतें म्हणून नव्हे. एकाच खोलींत रात्रभर असलेला लांकडी पाट आणि त्याखालची फरशी यांचें तपमान सारखेंच असतें. तरी पाट ऊबदार वाटतो आणि फरशी चटका दिल्यासारखी थंड. कारण काँक्रीट वा दगड तळपायांतील उष्णता झपाट्यानें ओढून घेतो. लांकडांतून ती काँक्रीटच्या सुमारें दहाव्या हिश्श्यानेंच वाहते. जेवावयास बसतांना पाट घेण्याची आपली रीत सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेशीं जोडली गेली, पण पौषांत तिचा हा दुसरा उपयोग कोणाही जेवणाऱ्याच्या लक्षांत येण्यासारखा आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायांत ध्यानास बसणाऱ्यानें दर्भ, अजिन व वस्त्र असें आसन करावें म्हणून सांगितलें आहे. त्याचा आध्यात्मिक अर्थ अधिकारी पुरुषांनीं सांगावा. आम्हांस त्यांत गवत, केस व कापूस असे हवा धरून ठेवणारे तीन थर दिसतात, आणि तासन् तास भुईवर बसणाऱ्याला याहून चांगली शिफारस आजचा वास्तुविशारदही करणार नाहीं.

यावरून निष्पन्न होतें तें असें कीं, काँक्रीटच्या खालीं थर बसविल्यानें खोलीची ऊब टिकेल, फरशी दोनतीन अंशांनीं सुधारेल, पण उघड्या पायास दगड तो दगडच लागेल. पायाचें सुख हवें असेल तर वरच्या बाजूस कांहीं अंथरल्यावांचून गत्यंतर नाहीं.

उपाय करण्यापूर्वीं निदान केलें पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका घरीं आजीबाईंनीं जमिनीला 'ओल आली आहे' असा धोशा लावला होता. मुलानें न्हाणीघराच्या फरश्या उखडून पाहण्याची तयारी केली. वस्तुतः थंड व ओलें यांतला फरक तळपायास चटकन् कळत नाहीं. याची परीक्षा सोपी आहे. हातभर लांबीरुंदीचा जाड प्लॅस्टिकचा कागद कोरड्या फरशीवर पसरून त्याच्या चारी कडा चिकटपट्टीनें पक्क्या लावाव्या व एक-दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या खालच्या अंगास पाण्याचे थेंब दिसले तर ओल जमिनींतून येत आहे. वरच्या अंगास दिसले तर ती हवेंतली आहे. कोठेंच न दिसले तर ती निव्वळ थंडी. या घरीं कागद दोन्ही अंगांनीं कोरडा निघाला व फरश्या वांचल्या. वाहनतळावरच्या जमिनीस मातींतून ओल चढणें शक्यच नाहीं, कारण मधें मोकळी हवा आहे. तेथें खरी ओल सांपडली तर ती नळाची, मोरीची किंवा शेजाऱ्याच्या न्हाणीघराची समजावी आणि अगोदर तिचा बंदोबस्त करावा.

कारण उष्णतारोधक थर एकदां वर चढला कीं खालून गळती दिसेनाशी होते. सांडपाण्याचे नळ बहुधा याच छताखालून गेलेले असतात. पाणी थरांत मुरत राहतें, काँक्रीटच्या पोटांतील सळया गंजतात, आणि जेव्हां छताचा पोपडा एखाद्या मोटारीवर पडतो तेव्हां सर्वांस जाग येते. म्हणून नळांचे सांधे उघडे ठेवावे. आणखी एक गोष्ट पेठेंत राहणाऱ्यांस सांगण्याची गरज नाहीं: ऊबदार, मऊ व अंधारी जागा जितकी आपणांस प्रिय तितकीच उंदरांसही. थराला खालून सिमेंटची पत्री लावून कडा बुजवून घ्याव्या.

कोणत्या पदार्थाचा थर घालावा, हा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थर्माकोल स्वस्त आहे, हलका आहे व गुणानें उत्तम आहे. त्याचा एक इंच तीन फूट काँक्रीटइतकी उष्णता अडवितो. गणपतीच्या मखरासाठीं तो वर्षानुवर्षें वापरला गेल्यानें सर्वांच्या ओळखीचाही आहे. तोच पुष्कळांस सुचतो, आणि तोच येथें मुळींच लावूं नये. वाहनतळांत पेट्रोलनें भरलेल्या गाड्या असतात, विजेचे मीटर असतात, आतां विजेवर चालणाऱ्या गाड्यांचें भारण चाललेलें असतें, आणि बहुधा जिना तेथूनच वर जातो. अशा जागीं डोक्यावर जळाऊ पदार्थाचें छत करणें म्हणजे वरच्या सर्व बिऱ्हाडांची वाट बंद करण्याची तजवीज होय. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीस १४ जून २०१७ च्या रात्रीं आग लागली व ७२ माणसें दगावलीं. ती आग इतकी पसरण्यास बाहेरच्या भिंतींवर बसविलेलें जळाऊ आवरण व त्याच्या आंतील उष्णतारोधक थर कारण झाले. इतक्या लांब तरी कशास जावें? शनिवारवाडा आपल्या उंबऱ्याशीं आहे. १७३० सालीं पायाभरणी झालेल्या त्या वाड्याचे लांकडी मजले २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत गेले. राहिला तो तट, दरवाजे आणि जोतीं. म्हणून खालून लावावयाचा थर न जळणारा असावा. दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर, जिला बाजारांत रॉकवूल म्हणतात, ती थर्माकोलच्या बरोबरीनें उष्णता अडविते व पेट घेत नाहीं. ती बसविणारानें हात, डोळे व नाक झांकून काम करावें. तिचे कण बोंचतात.

यांत परवानगीचाही प्रश्न आहे. पहिल्या मजल्याची फरशी आपली, पण तिच्या खालचें छत सामान्यतः सर्व सभासदांच्या सामाईक भागांत मोडतें. गृहनिर्माण संस्थेच्या ठरावाशिवाय त्यास हात लावूं नये. सभेंत चौथ्या मजल्यावरील गृहस्थ 'आम्हांस तर उकडतें' म्हणून उठून उभे राहतील. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे, त्यांस छपराकडून ताप होतो. दोन्ही कामें एकाच ठरावांत घातल्यास ठराव संमत होण्याचा संभव अधिक.

परदेशीं गेलेल्या आपल्या मुलीसुनांकडे हिंवाळ्यांत राहून आलेल्या भगिनींनीं तेथील तळघरें पाहिलीं असतील. न्यूयॉर्कच्या बाजूस वार्षिक सरासरीच १२-१३ अंशांची. तेथील बिनतापविलेलें तळघर बाराही महिने गार. वरची जमीन लांकडी तुळयांची असते, व तुळयांमधील पोकळींत कांचतंतूंच्या गाद्या बसवितात. त्या गाद्या वरच्या फळ्यांस अगदीं टेकून असाव्या लागतात; मधें बोटभर पोकळी राहिली आणि तींत हवा खेळूं लागली कीं सारा खर्च व्यर्थ. गादीस कागदी आवरण असल्यास तें ऊबदार खोलीच्या बाजूस, म्हणजे वर, करावयाचें. आणखी एक गोम अशी कीं, वरची ऊब खालीं जाणें थांबलें म्हणजे तळघर पूर्वींहून अधिक थंड होतें व तेथील पाण्याचे नळ गोठून फुटण्याची भीति उत्पन्न होते. म्हणून नळांसही गुंडाळावें लागतें. हें सर्व तिकडे योग्य. तिकडचें पुस्तक जसेंच्या तसें इकडे उघडून चालणार नाहीं.

कां, तें सांगतों. पुण्यांत थंडी अडीच-तीन महिने, आणि उन्हाळाही तितकाच. चैत्र-वैशाखाच्या दुपारीं पारा ३८-४० वर जातो तेव्हां सावलींतल्या वाहनतळावरची हीच जमीन घरांतली सर्वांत सुखाची जागा असते. उशी घेऊन फरशीवर पडावें, ती अंगांतला ताप खालीं काढून नेते. कायमचा थर लावला कीं पौषांत जें मिळविलें त्याचा कांहीं भाग वैशाखांत परत द्यावा लागतो. शिवाय आपल्याकडे खोली तापविण्याची चाल नाहीं, आणि खिडक्या तर रात्रंदिन उघड्या. खिडकी उघडी ठेवून जमिनीस थर लावणें म्हणजे फुटक्या घागरीस कल्हई करणें. म्हणून धडधाकट माणसांच्या घरांत सबंध छतास थर लावण्याचा खर्च आम्हांस समर्थनीय वाटत नाहीं. ज्या एका खोलींत वृद्ध, अंथरुणास खिळलेलें माणूस किंवा तान्हें मूल आहे, तेवढ्या खोलीखालीं तो अवश्य करावा.

बाकीच्यांस जुनाच उपाय पुरे आहे, आणि त्याचा मोठा गुण हा कीं तो गुंडाळतां येतो. खालीं चटई, तीवर घोंगडी, वर सतरंजी अशी बैठक कार्तिकांत घालावी व होळीनंतर उन्हांत झटकून, कडुनिंबाचा वाळला पाला घालून ठेवून द्यावी. केवळ गुळगुळीत फरशीवर सुटी सतरंजी मात्र वृद्धांच्या खोलींत नको. ती पायाखालून सरकते, तिची कड पायांत अडकते, आणि सत्तरीच्या पुढें मांडीचें हाड मोडणें ही गोष्ट थंडीपेक्षां पुष्कळ भयंकर आहे. खालीं रबरी जाळी घालावी, कडा पलंगाखालीं दाबून घ्याव्या. कायमची लांकडी जमीन करावयाची असेल तर दारें खालून तासावीं लागतील, रोज ओल्या फडक्यानें पुसण्याची संवय सोडावी लागेल, आणि वाळवीवर लक्ष ठेवावें लागेल, हें अगोदर घरांतल्या सर्वांस विचारून ठरवावें. विशेषतः जी पुसते तिला.

बाळंतिणीच्या खोलीविषयीं दोन शब्द लिहिणें आम्ही कर्तव्य समजतों. वाड्यांत बाजेखालीं कोळशाची शेगडी ठेवून शेक देण्याची रीत होती, आणि अजून कांहीं घरीं वडीलधारी मंडळी तिचा आग्रह धरतात. कडीपाटाच्या फटी, कौलांच्या सांदी, न लागणारीं दारें यांतून वाड्याच्या खोलींत हवा खेळत असे. आजच्या फ्लॅटमध्यें सरकत्या कांचा लावल्या कीं खोली डबीसारखी बंद होते. अशा बंद खोलींत जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड वायु सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि झोंपलेलें माणूस जागें न होतां मरतें. जमीन थंड आहे म्हणून शेगडी आणण्याचा विचार कोणी करीत असेल तर त्यानें तो टाकून द्यावा. बाज उंच करावी, बाळास जमिनीवर न ठेवतां पाळण्यांत ठेवावें, आणि शेक हवाच तर गरम पाण्याच्या रबरी पिशवीनें, कापडांत गुंडाळून द्यावा.

ज्यांचा वाडा किंवा जुनी इमारत पाडून नवी करण्याचें चाललें आहे, त्यांच्या दृष्टीनें या सर्व खटाटोपाची सर्वांत सोपी वेळ आतांच आहे. फरशी बसण्यापूर्वीं काँक्रीटवर एक दाबणुकीस टिकणारा उष्णतारोधक थर घालणें, किंवा वाहनतळाच्या छतास न जळणारें आवरण देणें, हें बांधकाम चालूं असतां थोडक्या श्रमांत होतें. पहिल्या मजल्यावर जाणाऱ्या कुटुंबांनीं एकत्र येऊन वास्तुविशारदाकडे ही मागणी करावी, थराचा पदार्थ व जाडी करारनाम्यांत लिहून घ्यावी, आणि फरशी घालण्याच्या दिवशीं घरांतलें एक माणूस तेथें उभें ठेवावें.